व्हॉट्सॲप ग्रुप कुठवर पुरतो आणि फोरम कधी उभारावा: द्राक्ष बागायतदारांच्या समूहासाठी सविस्तर मार्गदर्शक

ऑक्टोबरची फळछाटणी झाली की पुढचे दोन महिने नाशिक, सांगली, सोलापूरकडच्या द्राक्ष बागायतदारांचे व्हॉट्सॲप ग्रुप पहाटेपासून वाजू लागतात. पानाचा फोटो येतो, खाली एक ओळ असते: 'हे काय आहे, काय मारू?' पाच-दहा मिनिटांत कुणी जाणकार उत्तर देतो आणि ते बहुतेक वेळा बरोबरही असतं. चार दिवसांनी दुसऱ्या गावचा सभासद तसाच फोटो टाकून तोच प्रश्न विचारतो. पहिलं उत्तर तोवर बाजारभाव, वाढदिवस आणि फॉरवर्ड यांच्याखाली गेलेलं असतं. जाणकार दुसऱ्यांदा सांगतो, तिसऱ्यांदाही सांगतो आणि एक दिवस ग्रुप म्यूट करतो. समूहाचं खरं नुकसान तिथे होतं.

पुढे जे सांगितलं आहे ते अशा ग्रुपच्या ॲडमिनसाठी आहे. उदाहरण द्राक्षाचं घेतलं असलं तरी गच्चीवरची बाग, गडसंवर्धन किंवा दुर्मीळ आजाराच्या रुग्णांचे नातेवाईक अशा कुठल्याही समूहाला पायऱ्या याच लागू पडतात. फोरम म्हणजे अशी वेबसाइट, जिथे प्रत्येक प्रश्नाचा स्वतंत्र धागा असतो आणि उत्तरं त्याच्याखाली टिकून राहतात. आमचं मत आधीच सांगतो: ग्रुप बंद करून सगळ्यांना फोरमवर हलवायचं, हा बेत सहसा फसतो. आजचं बोलणं ग्रुपवर राहू द्यावं आणि पुढच्या हंगामात पुन्हा लागेल तेवढंच फोरमवर न्यावं. ते नेण्याचं काम माणसाला करावं लागतं. सॉफ्टवेअर ते करत नाही.

आधी ग्रुपची तपासणी

फोरम हवा की नको, हे अंदाजाने ठरवू नका. व्हॉट्सॲपवर ग्रुप उघडून मेनूमधून 'एक्स्पोर्ट चॅट' घ्या आणि 'मीडियाशिवाय' हा पर्याय निवडा. असे अलीकडचे ४०,००० पर्यंत संदेश एका मजकूर-फाइलमध्ये मिळतात (मीडियासह घेतले तर १०,०००). ही फाइल संगणकावर उघडा आणि ऐन हंगामातला एक महिना ओळीने वाचा. प्रत्येक प्रश्नापुढे खूण करा: आजपुरता (गारपीट, मजूर, गाडी, भाव), ज्ञानाचा पण आधी येऊन गेलेला, ज्ञानाचा आणि नवा.

दोन्ही प्रकारचे ज्ञानाचे प्रश्न मिळून आठवड्याला दहाही होत नसतील तर फोरमच्या भानगडीत पडू नका. एक गूगल डॉक आणि ग्रुपच्या वर्णनात त्याची लिंक एवढं पुरेसं आहे. प्रश्न भरपूर आणि त्यातले तिसरा हिस्सा किंवा अधिक पुन्हापुन्हा येणारे असतील, तर फोरमचा विचार करा. त्याच फाइलमध्ये उत्तर देणारे कोण, हेही मोजा. ज्यांच्या शब्दावर बाकीचे फवारणी घेतात अशी किमान चार-पाच माणसं दिसली पाहिजेत. एकच माणूस सगळी उत्तरं देत असेल तर आधी आणखी दोघांना पुढे आणा. फोरम एका माणसाच्या खांद्यावर एक हंगामही टिकत नाही.

या फाइलमध्ये सगळ्यांचे नंबर आणि नावं असतात. ती ग्रुपवर किंवा इतरांना पाठवू नका. काम झालं की पुसून टाका.

ग्रुप कुठे चांगला, कुठे अडतो

ग्रुपची ताकद मान्य करायलाच हवी. माणसं आधीच तिथे आहेत, नवा पासवर्ड लागत नाही, टायपिंग जमत नसेल तर व्हॉइस नोट चालते. 'पिंपळगावकडे ढग आले' ही बातमी फोरमवर टाकून उपयोग नाही, ती ग्रुपवरच हवी.

अडचणी रचनेतल्या आहेत. व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये १०२४ सभासदांची मर्यादा आहे. आज आलेल्या सभासदाला गेल्या हंगामातलं काहीच दिसत नाही. एकाच वेळी चार विषय चालू असतात आणि कुणाचं 'हो' कुणाला होतं ते कळत नाही. फोन नंबर सगळ्यांना दिसतो, त्यामुळे ग्रुपमध्ये शिरलेला एखादा औषधविक्रेता दुसऱ्या दिवशी पन्नास जणांना फोन लावू शकतो.

फेसबुक ग्रुपमध्ये जुनं टिकतं, पण कोणती पोस्ट कुणाला दाखवायची हे फेसबुक ठरवतं. नव्या माणसाचा साधा प्रश्न, लाइक नसल्यामुळे, जाणकाराच्या नजरेलाच पडत नाही, आणि एखादा गमतीदार व्हिडिओ मात्र दिवसभर वर राहतो. टेलिग्राम या दोन्हींच्या मधला आहे: दोन लाखांपर्यंत सभासद, नव्या सभासदाला जुने संदेश दिसण्याची सोय, आणि 'टॉपिक्स' चालू केले की विषयवार कप्पे. दीड-दोनशे लोकांचा समूह असेल आणि सर्व्हर सांभाळणारं कुणी नसेल, तर टेलिग्रामच घ्या असं आम्ही बिनदिक्कत सांगतो. त्याची कमतरता एवढीच की तिथलं उत्तर गूगलवर शोधणाऱ्याला सापडत नाही.

शिवाय दुसऱ्याच्या घरात राहण्याची एक किंमत असते. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं, याहू ग्रुप्स १५ डिसेंबर २०२० ला. दोन्हीकडच्या समूहांना आपलं सामान उचलायला मुदत मिळाली, आणि ज्यांनी ते उचललं नाही त्यांचं ते गेलं. १९९६ मध्ये सुरू झालेली मायबोली आणि २००७ पासूनचं मिसळपाव या मराठी संकेतस्थळांवरचे जुने धागे मात्र आजही वाचता येतात. मायबोलीवर गप्पांसाठी 'वाहती पाने' वेगळी आहेत. तिथलं जुनं बोलणं वाहून जातं आणि टिकवायचं लेखन वेगळ्या धाग्यांत राहतं. ग्रुप आणि फोरम यांची वाटणी तुम्हाला नेमकी अशीच करायची आहे.

सॉफ्टवेअर, सर्व्हर आणि खर्च

मोफत सॉफ्टवेअरमध्ये सध्या डिस्कोर्स सर्वांत भरवशाचं. ते २०१३ मध्ये आलं आणि त्याचा स्रोत खुला आहे. मोबाइलवर ते नीट चालतं, हे आपल्याकडे सर्वांत महत्त्वाचं. फ्लॅरम हलकं आहे, साध्या शेअर्ड होस्टिंगवर (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट) बसतं. पीएचपीबीबी जुनं आणि दणकट, पण फोनवर फोटो टाकताना लोक कंटाळतात. पुढचं सगळं डिस्कोर्स धरून सांगतो.

सर्व्हरला २ जीबी रॅम घ्या. १ जीबीवर स्वॅप देऊन (डिस्कचा तुकडा रॅमसारखा वापरून) ते चालतं, मात्र अपडेटच्या वेळी अडकतं. अशा सर्व्हरला महिन्याला साधारण हजार ते दीड हजार रुपये पडतात. डोमेनचे वर्षाला हजारएक रुपये धरले तर वर्षाचा खर्च तेरा ते एकोणीस हजारांत बसतो. शंभर बागायतदारांनी दोनशे रुपये काढले की झालं, पण ते हंगाम सुरू होण्याआधी काढा. सर्व्हरचं बिल एकाच्या खिशातून जात राहिलं की तोच नकळत मालक होतो.

डिस्कचा हिशेब बहुतेक जण चुकवतात. दिवसाला २० फोटो, लहान केल्यावर प्रत्येकी ४०० केबी धरला, तर दिवसाला ८ एमबी आणि वर्षाला ३ जीबीच्या आसपास जागा लागते. हे काहीच नाही. पण डिस्कोर्स आठवड्याला एक बॅकअप घेतं, मुळात शेवटचे पाच ठेवतं आणि त्याच सर्व्हरवर ठेवतं. फोटोंसह बॅकअप चालू असेल तर ३ जीबीचे पाच संच म्हणजे १५ जीबी आणखी. डिस्क भरली की डेटाबेस लिहिणं थांबवतो आणि साइट ऐन डिसेंबरात बसते. बॅकअप वेगळ्या क्लाउड स्टोरेजवर पाठवण्याची सोय सेटिंगमध्येच आहे, ती पहिल्याच दिवशी करा. आणि दर तीन महिन्यांनी एक बॅकअप दुसऱ्या तात्पुरत्या सर्व्हरवर उतरवून पाहा. कधीच उतरवून न पाहिलेल्या बॅकअपवर विसंबू नका.

डोमेन संस्थेच्या किंवा गटाच्या नावावर घ्या. नूतनीकरण स्वयंचलित ठेवा आणि त्याची सूचना दोन माणसांच्या मेलवर जाईल असं करा.

मेलची बाजू किचकट असते. खातं पक्कं करणं, पासवर्ड बदलणं, उत्तर आल्याची सूचना देणं हे सगळं डिस्कोर्स मेलवर करतं. अनेक सर्व्हर कंपन्या मेल पाठवायचं पोर्ट २५ बंद ठेवतात, म्हणून मेल पाठवणारी वेगळी सेवा घेऊन पोर्ट ५८७ वापरा. डोमेनच्या नोंदींमध्ये एसपीएफ आणि डीकेआयएम (मेल खरंच तुमच्या डोमेनकडून आला आहे हे पटवणाऱ्या नोंदी) टाका, नाहीतर जीमेल तुमची पत्रं स्पॅममध्ये ढकलतं आणि लोक म्हणतात, 'खातं उघडलं पण मेलच आला नाही.' फोरम उघडण्याआधी जीमेलच्या किमान पाच वेगवेगळ्या खात्यांवर चाचणी मेल पाठवा आणि स्पॅमचा कप्पाही बघा.

खातं उघडताना लोक गळतात

सर्वाधिक माणसं गळतात ती इथे. बऱ्याच शेतकऱ्यांना आपला मेल पत्ता पाठ नसतो, पण अँड्रॉइड फोनमध्ये गूगल खातं असतंच. म्हणून 'गूगलने लॉगिन' चालू करा. दोन टप्प्यांत माणूस आत येतो. एसएमएसवर ओटीपी पाठवण्याचा मोह होईल. त्यासाठी भारतात डीएलटी नोंदणी (असे एसएमएस पाठवणाऱ्यांसाठीची सक्तीची नोंदणी) लागते आणि प्रत्येक संदेशाला पैसे पडतात. सुरुवातीला नकोच.

वाचायला खातं लागू नये. शोधत आलेल्या माणसासमोर आधी दार लावलं तर तो परत जातो. खातं फक्त लिहिण्यासाठी. आणि प्रत्येकाच्या फोनवर ब्राउझरच्या मेनूतून 'होम स्क्रीनवर जोडा' करून द्या. बैठकीत समोर बसवून एकेकाला करून द्यावं लागतं. नुसत्या लेखी सूचनेने होत नाही.

मराठीसाठी बदलायची सेटिंग

डिस्कोर्स इंग्रजी फोरम डोळ्यासमोर ठेवून घडलं आहे. शीर्षक किमान १५ अक्षरांचं आणि मजकूर किमान २० अक्षरांचा, असा मूळ नियम असतो. 'हो, तेच वापरा' एवढंच उत्तर द्यायला गेलेल्या जाणकाराला लाल अक्षरांत नकार मिळतो आणि तो ग्रुपवर परततो. मजकुराची मर्यादा ५ करा. शीर्षकाची १५ राहू द्या. 'मदत हवी' अशी शीर्षकं तिच्यामुळे थांबतात.

धाग्याचा पत्ता मूळ सेटिंगमध्ये फक्त इंग्रजी अक्षरांतून बनतो, त्यामुळे देवनागरी शीर्षकाचा पत्ता नुसता 'टॉपिक' असा येतो. 'स्लग' (पत्त्यातला शीर्षकाचा भाग) बनवण्याची पद्धत बदलून 'एन्कोडेड' केली की शीर्षक पत्त्यात उतरतं.

नव्या सभासदाला एका पोस्टमध्ये एकच फोटो आणि दोनच लिंक टाकता येतात. जाहिरातबाजांसाठी हे बंधन ठीक आहे. रोग ओळखायला मात्र एक फोटो पुरत नाही. फोटोंची मर्यादा ४ करा, लिंकची राहू द्या.

शोधाचं दुखणं मात्र सेटिंगने जात नाही. मराठीत विभक्ती लागताना शब्दच बदलतो. 'केवडा' (द्राक्षाचा रोग, इंग्रजीत डाउनी मिल्ड्यू) शोधणाऱ्याला 'केवड्यावर काय घ्यावं' हा धागा सापडत नाही, कारण यंत्राच्या लेखी ते वेगळे शब्द आहेत. दुसरं म्हणजे एकच अक्षर दोन तऱ्हांनी टाइप होतं. 'ॲ' हे एक स्वतंत्र अक्षर म्हणूनही टाइप होतं आणि 'अ' वर चंद्र देऊनही. 'पुऱ्या'मधला अर्धा र दोन वेगळ्या संकेतांनी लिहिला जातो. डोळ्यांना सारखं दिसतं, शोधाला नाही. शिवाय काही जण सगळं मराठी रोमन लिपीत लिहितात.

यावर उपाय टॅगचा. तीसेक टॅग आधीच बनवा, सगळे मूळ रूपात: केवडा, भुरी, करपा, खरड-छाटणी, फळछाटणी, विरळणी, डिपिंग, पाणी, माती-परीक्षण, निर्यात, आणि वाणांची नावं. नवा टॅग बनवण्याचा अधिकार फक्त संचालकांना (फोरमवर देखरेख ठेवणाऱ्यांना) ठेवा, नाहीतर आठवड्यात 'डाऊनी', 'डावणी', 'डाउनी' असे तीन होतात. प्रत्येक धाग्याला दोन-तीन टॅग लागले आहेत ना, हे रोज एकाने बघावं. दहा मिनिटांचं काम आहे, पण पुढची कित्येक वर्षं त्याचा उपयोग होतो.

विभाग सुरुवातीला चारच: रोग-कीड, छाटणी ते काढणी, पाणी आणि खत, बाजार आणि निर्यात. उत्साहात बारा विभाग काढले तर नऊ रिकामे दिसतात, आणि रिकाम्या जागी कुणी पहिला प्रश्न विचारत नाही.

उघडण्याआधी तीस धागे

रिकामा फोरम कधीही उघडू नका. चॅटच्या फाइलमध्ये खुणा केलेले पुन्हापुन्हा येणारे प्रश्न घ्या आणि तीस ते चाळीस धागे आधी लिहून ठेवा. ज्याचं उत्तर घेताय त्याला विचारा आणि त्याचं नाव द्या. परवानगीशिवाय ग्रुपमधलं उचलून उघड्या फोरमवर टाकणं हा विश्वासघात आहे. उत्तर देणाऱ्यांनाच बोलावून, ते बोलतील आणि दुसरा टाइप करेल, असं केलं तर एका बैठकीत सात-आठ धागे होतात.

धागा कसा असावा याचा एक नमुना. शीर्षक: 'फळछाटणीनंतर ४० दिवस, थॉम्पसन, पानामागे पांढरं: केवडा की भुरी?' मजकुरात तालुका, छाटणीची तारीख, गेल्या दहा दिवसांतल्या फवारण्या, पाऊस किंवा दव पडलं का, आणि फोटो: पानाची वरची बाजू, तेच पान उलटं करून, आणि संपूर्ण वेल. उत्तर असं: केवड्यात पानाच्या वरच्या बाजूला तेलकट पिवळे डाग पडतात आणि त्या डागांच्या बरोबर खाली मागच्या बाजूला पांढरी बुरशी दिसते, दमट रात्रीनंतर पहाटे ती ठळक असते. भुरीत राखेसारखी भुकटी पानाच्या वरच्या बाजूलाही असते आणि बोटाने पुसली जाते. म्हणून पहाटेचा फोटो मागा. दुपारचा फोटो या प्रश्नाला फारसा उपयोगी नाही.

प्रश्न असाच यावा म्हणून विभागाच्या सेटिंगमध्ये 'टॉपिक टेम्प्लेट' असतं. त्यात वरचे सगळे मुद्दे ओळीने लिहून ठेवा. नवा धागा उघडताच तो साचा समोर येतो आणि माणूस रिकाम्या जागा भरतो. 'कुठलं वाण? छाटणी कधी?' हे उलटप्रश्न विचारण्यात ग्रुपवर जाणारे दहा-बारा संदेश वाचतात.

औषधाच्या मात्रेचा नियम कडक ठेवा. रासायनिक घटकाचं नाव, त्याचं प्रमाण, आणि मात्रा लिटरला की एकराला, हे तिन्ही नसेल तर संचालकांनी उत्तर दुरुस्त करून घ्यावं. 'दोन ग्रॅम टाका' हे वाक्य फोरमवर पाच वर्षं राहतं आणि अनोळखी माणूस ते वाचून पंप भरतो.

टिकण्याचीही एक वाईट बाजू आहे, आणि फोरमचे पुरस्कर्ते ती सांगत नाहीत. निर्यातीच्या द्राक्षांसाठी शिफारस केलेल्या औषधांची यादी, जिला बागायतदार 'ॲनेक्श्चर ५' म्हणतात, वेळोवेळी सुधारली जाते. काढणीपूर्वी किती दिवस थांबायचं, तेही त्यात असतं. तीन वर्षांपूर्वीचा उत्तम धागा आज वाचणाऱ्याचा कंटेनर अडकवू शकतो. म्हणून रोग-कीड विभागात धागे ठरावीक काळाने आपोआप बंद होण्याची सोय वापरा, म्हणजे जुन्या धाग्यावर नवी चर्चा चिकटत नाही. दर हंगामाच्या सुरुवातीला एक ताजा धागा काढा, जुन्यात त्याची लिंक द्या, आणि फवारणीच्या प्रत्येक धाग्याच्या माथ्यावर हंगामाचं साल ठेवा. रोग ओळखण्याची माहिती वर्षानुवर्षं चालते, औषधाची चालत नाही. जमलं तर दोन्ही वेगळ्या धाग्यांत ठेवा.

पहिले तीन महिने

उघडायची वेळ खरड छाटणीच्या आसपास, एप्रिलमध्ये धरा. त्या काळात प्रश्न कमी असतात आणि चुका निस्तरायला सवड मिळते. ऑक्टोबरात गर्दी येते तोवर लोकांना सवय झालेली असते. ऐन ऑक्टोबरात उघडलेल्या फोरमवर कुणाला शिकायला वेळ नसतो.

पहिल्या आठवड्यात फक्त पंधरा माणसं बोलवा, तीही आधी शब्द घेऊन: प्रत्येकाने एक प्रश्न आणि दोन उत्तरं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पन्नास. डिस्कोर्समध्ये पहिल्या ५० सभासदांपर्यंत सौम्य सेटिंग चालू असतं, त्यात नवा माणूस लगेच विश्वासाच्या पहिल्या पायरीवर येतो. पुढे ती पायरी चढायला पाच धागे उघडणं, तीस पोस्ट वाचणं आणि दहा मिनिटं वाचनाची लागतात. हे माणसाला जाणवतही नाही, फक्त जाहिरात टाकायला आलेला तिथे अडतो.

यानंतर ग्रुप आणि फोरम जोडण्याचं रोजचं काम. ग्रुपवर नेहमीचा प्रश्न आला की नुसती लिंक फेकू नका. विचारणाऱ्याला हाकलल्यासारखं वाटतं. दोन ओळींत सार सांगा, मग लिंक द्या: 'डाग तेलकट आणि मागे पांढरं असेल तर केवडा. पहाटे बघा. फोटो आणि फरक इथे आहे.' ग्रुपवर नवा आणि चांगला प्रश्न आला तर विचारणाऱ्याला सांगून तो फोरमवर तुम्हीच टाका, उत्तर तिथे मिळवा आणि सार परत ग्रुपवर आणा. दर रविवारी आठवड्यातले तीन धागे ग्रुपवर टाका. तीनच, कारण दहा लिंकांची यादी कुणी उघडत नाही.

हे काम दोन माणसांनी आठवडा वाटून घ्यावं, रोज अर्धा तास. हंगामात फोरमवरच्या प्रत्येक प्रश्नाला बारा तासांच्या आत पहिलं उत्तर गेलं पाहिजे, मग ते 'पहाटेचा फोटो टाका' एवढंच का असेना. उत्तर न मिळालेला पहिलाच प्रश्न हा बहुतेक वेळा त्या सभासदाचा शेवटचा प्रश्न ठरतो.

भांडणं, कंपू आणि दुकानदार

मराठी फोरमांवर वावरलेल्यांना कंपूबाजी, डुआयडी (एकाच माणसाचं दुसऱ्या नावाचं खातं) आणि अवांतर हे शब्द समजावून सांगावे लागत नाहीत. जुन्या सभासदांचा कंपू झाला की नवख्याच्या प्रश्नावर 'आधी शोधा की' असं उत्तर येतं. नियमच करा: शोधायला सांगायचं तर लिंक स्वतः शोधून द्यायची. अवांतर चर्चेसाठी एक 'गप्पा' धागा ठेवा आणि भरकटलेले प्रतिसाद तिथे हलवा. डिस्कोर्समध्ये प्रतिसाद निवडून वेगळ्या धाग्यात नेता येतात. पुसण्यापेक्षा हलवलेलं लोकांना कमी झोंबतं.

औषध आणि खतविक्रेत्यांना हाकलू नका. त्यांच्यातले काही उत्तम जाणकार असतात. नावापुढे 'विक्रेता' असं पद लावणं सक्तीचं करा आणि आपल्याच मालाची शिफारस करताना ते उघड सांगायला लावा. खासगी संदेशातून विक्री केली तर पहिल्यांदा समज, दुसऱ्यांदा महिनाभर लेखनबंदी, तिसऱ्यांदा खातं बंद. प्रत्येक कारवाईची नोंद संचालकांच्या खासगी विभागात ठेवा, तारीख आणि कारणासह. संचालक तीन हवेत, शक्यतो वेगवेगळ्या तालुक्यांतले, म्हणजे एकाचं भाऊबंदकीचं किंवा गावकीचं प्रकरण दुसरा हाताळू शकतो.

कायद्याची बाजू. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं आहे की, सभासदाने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, दोघांचा समान हेतू किंवा आधी ठरलेला बेत नसेल तर, ग्रुप ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही. फोरम चालवणाऱ्याची गोष्ट वेगळी आहे, कारण साइट त्याची असते. माहिती तंत्रज्ञान नियम, २०२१ प्रमाणे वापराचे नियम, गोपनीयता धोरण आणि तक्रार अधिकाऱ्याचं नाव व संपर्क साइटवर जाहीर करा. तक्रारीची पोच आणि निकाल यांच्या मुदती ठरलेल्या आहेत आणि त्या सुधारल्या जातात, म्हणून उघडण्याआधी चालू नियम वकिलाला दाखवून घ्या. सभासदांचे फोन नंबर आणि गट क्रमांक मागूच नका. वैयक्तिक माहितीसाठी २०२३ चा स्वतंत्र कायदा आहे, आणि जी माहिती घेतलीच नाही ती फुटण्याची भीती नसते.

काय मोजायचं

सभासदांची संख्या मोजू नका. बघायचं ते असं: महिन्यात आलेल्या प्रश्नांपैकी किती बिनउत्तर राहिले, उत्तरं देणाऱ्या वेगवेगळ्या माणसांची संख्या वाढते आहे का, आणि शोधातून थेट धाग्यावर येणारे वाचक किती. तिसरा आकडा पहिले काही महिने जवळजवळ शून्य असतो, त्याने खचू नका. गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये साइट नोंदवली की लोक कोणते शब्द टाइप करून येतात ते दिसतं, आणि टॅग कुठे कमी पडतात तेही. ग्रुपची तपासणी वर्षाने पुन्हा करा. पुन्हापुन्हा येणारे प्रश्न कमी झाले असतील तर काम होतंय.

एक पूर्ण हंगाम उलटूनही प्रश्न येत नसतील, तर ओढत बसू नका. फोरम वाचनमात्र करा, नवी खाती बंद करा, शेवटचा पूर्ण बॅकअप घेऊन तीन माणसांकडे ठेवा. औषधांच्या मात्रा असलेल्या प्रत्येक धाग्यावर 'या हंगामानंतर तपासलेलं नाही' अशी पट्टी लावा. डोमेन आणखी दोन वर्षांसाठी भरून ठेवा. वाचनमात्र साइटला लहान सर्व्हर पुरतो, आणि लिहून ठेवलेले ते तीस-चाळीस धागे ग्रुपवर लिंक म्हणून देता येतात.